विहिरीच्या पाण्यापासून पेशीपटलापर्यंत: जीवशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी वीज आणि चुंबकत्व

बारावीला गणित सोडलं, बी.एस्सी.ला सीबीझेड (रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र) घेतलं, आता भौतिकशास्त्राशी आपला संबंध संपला असं समजून निश्चिंत झालेले कितीतरी विद्यार्थी पुढे अचानक अडकतात. पर्यावरणशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पाण्याची वाहकता मोजायची असते. शरीरक्रियाशास्त्रात चेतापेशीचं विभवांतर येतं. जैवतंत्रज्ञानात जेल चालवावी लागते आणि भूजलाच्या पेपरात रोधकता सर्वेक्षणावर हमखास प्रश्न असतो. या चारही ठिकाणी वीजच आहे, पण शाळेत भेटलेली तांब्याच्या तारेतली वीज नव्हे.

पाठ्यपुस्तकं कंगवा आणि कागदाच्या कपट्यांपासून सुरू होतात, मग गाउसचा नियम, मग तारा, बॅटऱ्या, मोटार. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यासाठी हा क्रम ठीक आहे. तुमच्यासाठी तो उलटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या विषयात प्रभार वाहून नेणारे कण म्हणजे आयन आणि ते ज्यातून फिरतात ते माध्यम म्हणजे पाणी. विहिरीत पाणी आहे, काळ्या मातीत आहे, मुरमात आहे, पेशीत आहे. म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. मराठवाड्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. शेतातली बोअर, नाल्यातली वाळू आणि जूनमधली वीज एवढ्यातच बराचसा अभ्यासक्रम आहे.

साहित्य थोडं लागेल: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर, दोन पेन्सिली, मीठ, एक होकायंत्र, एक बऱ्यापैकी ताकदीचं चुंबक आणि थोडी वायर. यातला एकही प्रयोग घरातल्या लाईनवर करायचा नाही. त्याचं कारण पुढे आकड्यांत येईलच.

पहिली पायरी: चार राशी आणि त्यांचा आवाका

प्रभार कूलोममध्ये मोजतात. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार इतका लहान असतो की तो आकडा पाठ करून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा हा आकडा लक्षात ठेवा: एकेरी प्रभाराच्या आयनांचा एक मोल म्हणजे ९६,४८५ कूलोम. रसायनशास्त्रातली संहती आणि भौतिकशास्त्रातली वीज यांना जोडणारा हाच दुवा आहे. दर सेकंदाला एक कूलोम प्रभार वाहिला की ती एक अँपिअर धारा. एक कूलोम प्रभार एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना एक ज्यूल ऊर्जा लागत असेल, तर त्या दोन जागांमधलं विभवांतर एक व्होल्ट. आणि विभवांतराला धारेने भागलं की रोध, ओहममध्ये.

यातलं विभवांतर नीट समजलं तर बाकीचं जड जात नाही. ते नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. नाथसागरातून पैठणच्या कालव्याला पाणी वाहतं ते धरणात पाणी भरपूर आहे म्हणून नव्हे, दोन ठिकाणच्या उंचीत फरक आहे म्हणून. ११,००० व्होल्टच्या तारेवर बसलेल्या साळुंकीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जवळजवळ एकाच विभवावर असतात. 'इथे किती व्होल्ट आहेत' असा प्रश्न आला की लगेच विचारा: कशाच्या तुलनेत?

मग आकड्यांचा आवाका डोक्यात बसवा. छातीवर मोजला जाणारा ईसीजीचा संकेत सुमारे १ मिलिव्होल्ट, विश्रांतीतली चेतापेशी ७० मिलिव्होल्ट, घड्याळाचा सेल १.५ व्होल्ट, घरातली लाईन २३० व्होल्ट, गावच्या डीपीकडे येणारी लाईन ११,००० व्होल्ट. गणिताचं उत्तर आलं की या शिडीवर कुठे बसतं ते बघायची सवय लावा. चेतापेशीचं विभवांतर ७० व्होल्ट आलं, तर कुठेतरी मिलि सुटलाय हे तिथेच कळेल.

दुसरी पायरी: पाणी मोजा

दोन पेन्सिली दोन्ही बाजूंनी टोकदार करा. वरच्या टोकांना मल्टिमीटरच्या तारा जोडा, खालची टोकं पेलाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा आणि मीटर ओहमवर ठेवा. रोध खूप मोठा दिसेल. आता चिमूटभर मीठ टाका, ढवळा. रोध झपाट्याने उतरेल. पाणी तेवढंच, पेन्सिलींमधलं अंतर तेवढंच. भर पडली ती फक्त सोडियम आणि क्लोराइड आयनांची. शुद्ध पाण्यातून वीज फार कमी वाहते. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता, म्हणजे वीज वाहू देण्याची क्षमता, सेंटीमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स इतकीच असते. समुद्राच्या पाण्याची जवळपास ५०,००० असते.

प्रयोग करताना एक गोष्ट खटकेल. मीटरवरचा आकडा एका जागी थांबत नाही, सरकत राहतो. मीटरमध्ये बिघाड नाही. मीटर एकाच दिशेने धारा सोडतो, त्यामुळे धन आयन एका पेन्सिलीभोवती आणि ऋण आयन दुसरीभोवती गर्दी करतात आणि पुढच्या आयनांना अडवतात. यालाच इलेक्ट्रोडचं ध्रुवण म्हणतात. प्रयोगशाळेतला वाहकता मीटर म्हणूनच धारेची दिशा सतत उलटसुलट करतो, आयनांना जमायला उसंतच देत नाही. मल्टिमीटरने पाण्याचा रोध मोजून प्रकल्पात लिहू नये, ते याच कारणासाठी.

आता खऱ्या मीटरकडे वळू. आधी तो प्रमाणित करा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.७४६ ग्रॅम कोरडं पोटॅशियम क्लोराइड विरघळवलं की ०.०१ मोलरचं द्रावण होतं. २५ अंशांना त्याची वाहकता १,४१३ मायक्रोसीमेन्स दर सेंटीमीटर असते. मीटर तेवढंच दाखवतो का ते बघा, नसेल दाखवत तर जुळवून घ्या. ही पायरी वगळून केलेली शंभर मोजमापंही कामाची नाहीत.

पुढची अडचण तापमानाची. पाणी तापलं की ते पातळ होतं, आयन जोरात सरकतात आणि वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्के वाढते. मे महिन्यात जालन्याकडच्या एखाद्या बोअरचं पाणी बादलीत काढून ठेवलं आणि ते ३५ अंशांवर गेलं, तर आकडा २० टक्के फुगलेला येणार. तो २५ अंशांवर आणायचं सूत्र असं: मोजलेली वाहकता ÷ (१ + ०.०२ × (तापमान − २५)). मीटरने १,८०० दाखवले आणि पाणी ३५ अंशांचं असेल, तर १,८०० ÷ १.२ = १,५००. बऱ्याच मीटरमध्ये ही दुरुस्ती आपोआप होते. तशी सोय चालू असेल तर हातानं पुन्हा भागाकार करू नका.

१,५०० ला सुमारे ०.६४ ने गुणलं की एकूण विरघळलेले क्षार मिळतात: लिटरला ९६० मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतं. सिंचनासाठी अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये केलेली वर्गवारी आजही वापरतात, ती मात्र वाहकतेवर: २५० मायक्रोसीमेन्सपर्यंत कमी क्षाराचं, ७५० पर्यंत मध्यम, २,२५० पर्यंत जास्त, त्यापुढे अतिजास्त. आपलं पाणी तिसऱ्या वर्गात पडलं. निचरा चांगला नसलेल्या भारी काळ्या जमिनीला ते वर्षानुवर्षं देणं धोक्याचं.

खिशातला टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो वाहकता मोजतो आणि आत ठरवून दिलेल्या अंकाने गुणतो. त्यामुळे त्याला नायट्रेट आणि फ्लोराइड वेगळे ओळखता येत नाहीत, आणि जंतूंचा तर त्याला पत्ताच लागत नाही. टीडीएस कमी आला म्हणून पाणी पिण्याजोगं आहे, असं गावात कुणाला सांगू नका. हा सल्ला कुणाच्या तरी लेकरांच्या पोटात जाणार असतो.

प्रकल्प हवा असेल तर एकाच विहिरीचं पाणी मे अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मोजा. पावसाने पाणी पातळ झालं, की जमिनीतले क्षार धुऊन उलट जास्त आले? उत्तर विहिरीगणिक बदलतं, आणि अभ्यासण्यासारखं आहे ते तेच.

तिसरी पायरी: कूलोमचा नियम काळ्या मातीत

दोन प्रभारांमधलं बल प्रभारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकलेली गोष्ट मात्र तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे: हेच बल पाण्यात सुमारे ८० पटीने कमी होतं. पाण्याचे रेणू एका बाजूला किंचित धन, दुसऱ्या बाजूला किंचित ऋण असतात. ते आयनांभोवती वळून उभे राहतात आणि ओढ झाकून टाकतात. म्हणून मीठ पाण्यात विरघळतं आणि खोबरेल तेलात विरघळत नाही.

आता शेतात या. मराठवाड्याच्या भारी काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या स्फटिकात काही जागी जास्त प्रभाराच्या अणूऐवजी कमी प्रभाराचा अणू बसलेला असतो, त्यामुळे तिच्या पातळ पापुद्र्यांवर कायमचा ऋण प्रभार राहतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम हे धन आयन त्याला धरून राहतात. युरिया टाकल्यावर त्यातून आधी अमोनियम तयार होतं. तो धन आयन, माती त्याला धरते. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट ऋण, माती त्याला धरत नाही. जोराचा पाऊस झाला किंवा मोकाट पाणी दिलं की ते झिरपत विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खतांमुळे होणाऱ्या भूजल प्रदूषणाच्या मुळाशी प्रभाराचं एक साधं चिन्ह आहे.

चोपण जमिनीचंही तसंच. कॅल्शियमवर दोन धन प्रभार असतात, तो मातीच्या पापुद्र्यांना एकमेकांजवळ घट्ट धरतो आणि मातीची रवाळ रचना टिकते. त्याची जागा सोडियमने घेतली तर? सोडियमवर प्रभार एकच, शिवाय तो पाण्याचं जाड कवच घेऊन फिरतो. त्याची पकड ढिली पडते, ऋण पापुद्रे एकमेकांना दूर ढकलतात, माती विखुरते आणि तिची छिद्रं बुजतात. पाणी वर साचतं, वाळल्यावर कडक पापडी धरते. जिप्सम टाकतात ते कॅल्शियम परत आणण्यासाठी, आणि सुटा झालेला सोडियम निचऱ्यावाटे बाहेर गेला तरच त्याचा उपयोग होतो.

परीक्षेत इथे चूक होते. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता मीटरला ४ डेसीसीमेन्सच्या वर गेली की जमीन खारवट. पण चोपण जमिनीत वाहकता त्याहून कमीही असू शकते. तिची ओळख म्हणजे ८.५ च्या वरचा सामू (पीएच) आणि मातीने धरलेल्या आयनांत १५ टक्क्यांहून जास्त सोडियम. नुसता वाहकता मीटर घेऊन शेतात गेलात आणि 'जमीन चांगली आहे काका' असं सांगून आलात, तर त्या शेतकऱ्याचं नुकसान होईल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी मातीचा पूर्ण तपास होतो, तो करून घ्यायला सांगा.

चौथी पायरी: पेशीपटल

ही पायरी घाईने उरकू नका, वही-पेन घेऊन बसा.

पेशीपटलाची जाडी धरा ७ नॅनोमीटर, विभवांतर ७० मिलिव्होल्ट. विद्युतक्षेत्र म्हणजे विभवांतर भागिले जाडी: ०.०७ ÷ ०.००००००००७, म्हणजे मीटरला १ कोटी व्होल्ट. हवेतून ठिणगी उडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. तुमच्या प्रत्येक चेतापेशीच्या पटलावर त्याच्या तिपटीहून जास्त ताण आहे. व्होल्ट थोडे आहेत, पण जाडी त्याहून कितीतरी थोडी. पटलातल्या प्रथिनांची दारं एवढ्याशा विभवांतराच्या बदलाने का उघडतात, हे या भागाकारात दिसतं.

हे विभवांतर येतं कुठून? पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर कमी. आत १४० आणि बाहेर ५ मिलिमोलर धरू. पोटॅशियमची दारं उघडी असतात, म्हणून तो बाहेर पाझरतो आणि जाताना धन प्रभार घेऊन जातो. आतली बाजू ऋण होत जाते आणि तोच ऋण प्रभार पोटॅशियमला मागे ओढू लागतो. बाहेरची धाव आणि आतली ओढ जिथे बरोबरीला येतात, ते विभवांतर नर्न्स्टचं समीकरण देतं. एकेरी धन आयनासाठी, ३७ अंशांना: विभवांतर मिलिव्होल्टमध्ये = ६१.५ × लॉग (बाहेरची संहती ÷ आतली संहती). पोटॅशियमसाठी ५ ÷ १४०, लॉग उणे १.४५, उत्तर उणे ८९ मिलिव्होल्ट. सोडियम बाहेर १४५, आत १२ धरा: उत्तर अधिक ६७ च्या आसपास. खऱ्या पेशीचं उणे ७० या दोघांच्या मधे, पण पोटॅशियमच्या खूप जवळ पडतं, कारण विश्रांतीत पोटॅशियमचीच दारं जास्त उघडी असतात. सोडियमची दारं क्षणभर उघडली की विभवांतर सोडियमच्या आकड्याकडे झेपावतं. हाच चेतापेशीचा आवेग. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या जाड अक्षतंतूवर मोजमापं करून १९५२ मध्ये हे गणितात मांडलं, १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. क्लोराइडसाठी चिन्ह उलटतं, कॅल्शियमसाठी ६१.५ ला २ ने भागायचं.

आता ज्यावर विद्यार्थ्यांचा सहसा विश्वास बसत नाही ते गणित. पोटॅशियम असा बाहेर जात राहिला तर पेशी रिकामी नाही का होणार? पटलाची धारकता, म्हणजे दर व्होल्टला साठणारा प्रभार, चौरस सेंटीमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते. १० मायक्रोमीटर त्रिज्येची गोल पेशी घ्या. तिचा पृष्ठभाग काढा, त्यावरून धारकता, तिला ०.०७ व्होल्टने गुणा आणि एका आयनाच्या प्रभाराने भागा. उत्तर सुमारे ५५ लाख आयन येतं. आकडा मोठा वाटतो. आता त्याच पेशीतले १४० मिलिमोलरने होणारे सगळे पोटॅशियम आयन मोजा: सुमारे ३५ हजार कोटी. म्हणजे ६० हजारांतला जेमतेम एक आयन बाहेर गेला की पूर्ण विभवांतर तयार. संहती बदलल्याचं कळतसुद्धा नाही. हे गणित स्वतः एकदा पूर्ण सोडवा, ही पायरी त्याशिवाय पक्की होत नाही.

वनस्पतीही यात मागे नाहीत. लाजाळूचं पान मिटताना त्यातून विद्युत संकेत धावतो आणि जगदीशचंद्र बोस यांनी त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काम केलं होतं.

जेल इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या ओढीने डीएनएचे तुकडे जेलमधून सरकवून वेगळे करणं, त्याबद्दल थोडक्यात. डीएनएच्या फॉस्फेटांवर ऋण प्रभार असतो, म्हणून तो लाल, धन टोकाकडे धावतो. व्होल्ट ठरवताना जेलची लांबी नव्हे, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर बघा आणि सेंटीमीटरला ५ व्होल्ट धरा. बफरऐवजी चुकून साधं डिस्टिल्ड वॉटर ओतलं तर धारा वाहणार नाही. बफर फार तीव्र झालं तर धारा वाढेल आणि जेल तापून मऊ पडेल. चालू केल्यावर दोन्ही तारांवर बुडबुडे दिसले पाहिजेत, ऋण तारेवर जास्त, कारण तिथे हायड्रोजन निघतो आणि तो ऑक्सिजनच्या दुप्पट असतो. बुडबुडे दिसेपर्यंत जागेवरून हलू नका.

पाचवी पायरी: जमिनीतली वीज

बोअर घ्यायची म्हटलं की गावात पाणाड्या येतो, कुणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जातं, कुणी मशीनवाल्याला बोलावतं. मशीनवाला चार खुंट्या ठोकून करतो ते काम तुम्हाला सूत्रासकट समजू शकतं.

रोधकता म्हणजे एखादं माध्यम विजेला किती अडवतं याचं माप, ओहम-मीटरमध्ये. जमिनीवरच्या एका बिंदूतून धारा आत सोडली की ती अर्धगोलासारखी सगळीकडे पसरते. अर्धगोलाचं क्षेत्रफळ २ × ३.१४ × त्रिज्येचा वर्ग. त्यावरून त्या बिंदूपासून ठरावीक अंतरावरचं विभव मिळतं: रोधकता × धारा ÷ (६.२८ × अंतर). हे सूत्र वहीत ठळक लिहून ठेवा, थोड्याच वेळात ते पुन्हा लागणार आहे.

वेनरच्या पद्धतीत चार खुंट्या एका रेषेत सारख्या अंतरावर असतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून धारा सोडायची, आतल्या दोनमधलं विभवांतर मोजायचं. मग रोधकता = ६.२८ × खुंट्यांमधलं अंतर × (विभवांतर ÷ धारा). अंतर १० मीटर, धारा १०० मिलिअँपिअर, विभवांतर ८० मिलिव्होल्ट असेल, तर रोध ०.८ ओहम आणि रोधकता सुमारे ५० ओहम-मीटर. खुंट्या जसजशा दूर नेल्या तसतशी धारा खोल जाते, म्हणून अंतर वाढवत मोजलं की वरून खाली रोधकता कशी बदलते ते कळतं.

आपल्याकडे खाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. अखंड काळ्या पाषाणाला भेगा नाहीत, पाणी नाही, आयन नाहीत, त्यामुळे रोधकता जास्त. कुजलेला मुरूम आणि भेगाळलेला खडक पाण्याने भरलेला असेल तर रोधकता उतरते. पण चिकणमातीही रोधकता उतरवते आणि खारं पाणीही. 'इथं लागंल का हो पाणी?' या प्रश्नाला मशीन थेट उत्तर देत नाही. ती खडक किती वीज वाहू देतो एवढंच सांगते, बाकीचा अर्थ आजूबाजूच्या विहिरींचे थर बघून लावावा लागतो. ज्याने शेजारची एकही विहीर न बघता आकडा सांगितला, त्याच्या भरवशावर कर्ज काढून बोअर घेऊ नये.

आता तेच सूत्र पुन्हा. मान्सूनच्या तोंडावर झाडावर वीज पडली. धारा ३०,००० अँपिअर धरा, जमिनीची रोधकता वरच्या उदाहरणातली ५० ओहम-मीटर. झाडापासून १० मीटरवर बैल झाडाकडे तोंड करून उभा आहे, पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर. दोन्ही ठिकाणचं विभव काढून वजाबाकी करा: सुमारे ३,१०० व्होल्ट, आणि धारेच्या वाटेवर हृदय. तिथेच पायांत अर्धा मीटर अंतर ठेवून उभ्या असलेल्या माणसाला सुमारे १,१००. पाय जुळवून बसलेल्याला, १० सेंटीमीटर अंतर धरलं तर, सुमारे २४०. वीज अंगावर न पडताही झाडाखालची गुरं एकदम का दगावतात, आणि उघड्यावर सापडलात तर आडवं न झोपता पाय जुळवून उकिडवं बसायला का सांगतात, ते या वजाबाकीत आहे. मात्र तो शेवटचा उपाय. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठणं केव्हाही चांगलं. चमक आणि गडगडाट यांत ३ सेकंदांचं अंतर म्हणजे वीज साधारण १ किलोमीटरवर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी हे ॲप परिसरातल्या विजांची सूचना देतं. क्षेत्रभेटीला निघण्याआधी ते फोनमध्ये हवंच.

शॉकचं गणितही इथेच करून टाकू. कोरड्या कातडीचा रोध १ लाख ओहमपर्यंत असू शकतो, मग २३० व्होल्टला धारा २.३ मिलिअँपिअर. ओल्या हातांनी, चिखलात अनवाणी उभं असताना तोच रोध १,००० ओहमवर येतो आणि धारा २३० मिलिअँपिअर होते. १ मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात, १० च्या पुढे स्नायू आखडून हात सुटत नाही, ५० ते १०० ला हृदयाची लय बिघडू शकते. पाणी देताना स्टार्टरच्या पेटीला ओला हात लावणं म्हणजे काय, ते कळलं असेल.

रानडुकरांसाठी शेताभोवती लावतात त्या झटका मशीनमध्ये हजारो व्होल्ट असतात, तरी जनावर मरत नाही. कारण झटका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, मग सुमारे सेकंदभर तार शांत, आणि प्रत्येक झटक्यातली ऊर्जा थोडी. कुंपणात थेट लाईनचा प्रवाह सोडला तर धारा अखंड वाहते. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. वन्यजीवांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक गावात समजावून सांगायला हवा.

सहावी पायरी: चुंबकत्व

धारा वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे ओरस्टेडने १८२० मध्ये दाखवलं. सरळ तारेसाठी: क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये = ०.२ × धारा ÷ अंतर मीटरमध्ये. दुचाकीच्या बॅटरीवर १२ व्होल्ट, ३५ वॅटचा दिवा लावा, तारेतून सुमारे ३ अँपिअर वाहतात. तार उत्तर-दक्षिण ताणून होकायंत्र तिच्या ३ सेंटीमीटर खाली धरा. क्षेत्र २० मायक्रोटेस्ला येतं. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लापेक्षा थोडं कमी आहे, म्हणून सुई २५ ते ३० अंश वळायला हवी. वळते का बघा. कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली, कारण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या धारेने मोजमापं बिघडली असती.

शेतावरून टॉवर लाईन गेली की लोक धास्तावून विचारतात. ५०० अँपिअरची तार २० मीटर उंचीवर असेल तर खाली ५ मायक्रोटेस्ला. तीन तारांची क्षेत्रं एकमेकांना काही अंशी मारतात, त्यामुळे खरा आकडा आणखी कमी. ५० हर्ट्झसाठी लोकांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. असं गणित करून उत्तर दिलं की त्यांचं समाधान होतं, नुसतं 'काही होत नाही' म्हणून होत नाही.

तळ्याच्या गाळात चुंबकीय जिवाणू सापडतात. ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या पेशीत मॅग्नेटाइटच्या किंवा ग्रेगाइटच्या (दोन्ही लोहाची चुंबकीय खनिजं) सूक्ष्म कणांची रांग असते आणि ती पेशीला पृथ्वीच्या क्षेत्राच्या रेषेत वळवते. बरणीत गाळ आणि वर पाणी घ्या, झाकण सैल ठेवून काही आठवडे अंधारात ठेवा. मग गाळाच्या किंचित वर, बरणीला बाहेरून चुंबक लावा. होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक चुंबकाच्या ज्या टोकाकडे ओढलं जातं, ते टोक आतल्या बाजूला हवं. तासाभराने तिथलं थेंबभर पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. थेंबाच्या कडेला पोहत जमणारे जिवाणू चुंबक उलटं केल्यावर मागे वळले, तर तेच. पहिल्या बरणीत सापडतीलच असं नाही, दोन-तीन तळ्यांचा गाळ ठेवा.

नाल्याच्या वाळूतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवा. काळे दाणे चिकटतील. बेसॉल्टमधलंच मॅग्नेटाइट आहे ते. लाव्हा थंड होताना त्यातल्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली आणि दख्खनच्या बऱ्याच थरांत ती दिशा आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते.

हाच धागा धरून पर्यावरणशास्त्राचा एक चांगला प्रकल्प होतो. वाहनांचा धूर, ब्रेकची झीज आणि दगडी कोळशाची राख यांत चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण असतात. महामार्गालगतच्या आणि रस्त्यापासून २०० मीटर आतल्या कडुनिंबाची पानं एकाच उंचीवरून, आठवडाभर पाऊस नसताना तोडा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवा, पाणी गाळून धूळ वाळवा, वजन करा. चुंबकाने चिकटणारा भाग वेगळा करून त्याचं वजन करा आणि एकूण धुळीशी टक्केवारी काढा. मराठवाड्यात मात्र मातीतच मॅग्नेटाइट आहे, त्यामुळे बाहेरच्या संशोधनातले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्याच शेतातल्या कोरड्या मातीची धूळ तिसरा नमुना म्हणून घ्या आणि तिचीही टक्केवारी काढा. शेवटी तिन्ही नमुन्यांतले चुंबकीय कण सूक्ष्मदर्शकाखाली बघा. खडकातून आलेले दाणे कोनाकोनांचे असतात, जळण्यातून वितळून तयार झालेले गोल. परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात नमुने घेणार असाल, तर वाऱ्याच्या दिशेला आणि विरुद्ध दिशेला सारख्याच अंतरावरची झाडं निवडा, आणि गोल कण मोजून त्यांचा वेगळा रकाना ठेवा.